शंभर टक्के म्हणजे किती? – यूपीएसच्या बॅटरीचा आकडा आणि त्याची पारख



आडसाली लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट ऑफिसात गर्दी होते, आणि नेमका तोच काळ लाईट जाण्याचा असतो. संगणकाला यूपीएसचा डबा जोडलेला असतो, पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे चित्र असते, त्यावर १०० टक्के असा आकडा असतो. लाईट जाते. आकडा १००च दाखवत राहतो, आणि दीड-दोन मिनिटांत संगणक पट्‌कन बंद पडतो. उलटही होते. आकडा शून्यावर येतो, संगणक घाईघाईने स्वतःला बंद करून घेतो, आणि डबा मात्र पुढे वीस मिनिटे खुशाल चालू राहतो. गेल्या काही महिन्यांत गट ऑफिसांकडून, विकास सोसायट्यांच्या सचिवांकडून आणि काही सभासदांकडूनही याबद्दल विचारणा झाली. प्रत्येकाला एकएकटे सांगत बसण्यापेक्षा सर्वांसाठी एकदाच लिहावे म्हणून हा लेख.

ही संगणकवाल्यांची बाब आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. आपल्या उसाची तोड कधी येणार हे लागणीच्या नोंदीच्या तारखेवर ठरते, आणि ती तारीख आज संगणकात असते. पीककर्जाचा हिशेब सोसायटीच्या संगणकात गेला आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हापासून हे काम खेडोपाडी पोहोचले. पूर्वी वहीत शाईने लिहिलेली नोंद लाईट गेल्याने पुसली जात नव्हती. आता नोंद भरताना मधेच दिवा गेला तर ती अर्धवट राहू शकते, कधी कधी सबंध फाईलच बिघडते.

पेठ बाजूला असेच घडले. पेठ तालुक्यात उसाचे क्षेत्र तसे थोडे. भात, नागली, वरई हीच तिथली मुख्य पिके. तरी त्या बाजूच्या थोड्या सभासदांसाठी तिथे एक टेबल, एक संगणक आणि एक कर्मचारी आहे. सावळ घाटापलीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. विजेच्या तारा रानातून, डोंगरउतारावरून येतात. वाऱ्याने फांदी पडली की लाईट गेली, ती कधी अर्ध्या तासात येते, कधी दुसऱ्या दिवशी. पावसाळ्यात एका दुपारी तिथे नोंदी भरण्याचे काम चालू होते. लाईट गेली. पडद्यावर १०० टक्के होते म्हणून कर्मचाऱ्याने काम चालूच ठेवले. दोन मिनिटेही झाली नसतील, पडदा काळा. लाईट आल्यावर पाहिले तर सकाळपासून भरलेल्या नोंदींची फाईल उघडेना. सुदैवाने सभासदांच्या सह्यांचे कागदी अर्ज फडताळात होते, त्यावरून सगळे पुन्हा भरले आणि कोणाची तारीख मागेपुढे झाली नाही. कागद नसते तर तोडणीच्या वेळी केवढी भांडणे झाली असती याची कल्पना करा.

काहीजण विचारतात, कारखान्यात तर बगॅसवर वीज तयार होते, मग आपल्याला लाईटची अडचण कसली? हंगाम चालू असताना कारखान्याच्या आवारात ती येत नाही हे खरे. पण गट ऑफिसे गावागावांत, गावच्या लाईनवर आहेत. बगॅसची वीज पेठच्या टेबलापर्यंत वेगळी तार टाकून जात नाही!

आकडा येतो कुठून?

आता मुद्द्यावर येऊ. बॅटरीत किती वीज उरली आहे हे थेट मोजणारे साधन साध्या यूपीएसमध्ये नसते. डिझेलच्या टाकीत काठी बुडवून पाहावी तसे इथे काही करता येत नाही. डबा मोजतो फक्त बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आणि त्यावरून टक्के बांधले जातात. हा अंदाज आहे, माप नव्हे.

हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने आपण ब्रिक्स पाहतो त्यातलाच हा प्रकार. ब्रिक्स २० आला म्हणून साखरेचा उतारा २० पडत नाही. रसात विरघळलेले सगळेच ब्रिक्समध्ये धरले जाते, त्यातली साखर किती आणि पोत्यात किती उतरेल हे प्रयोगशाळा आणि गाळप सांगते. पण ऊस पक्व होत आला का, हे समजायला ब्रिक्स उपयोगी पडतो. व्होल्टेजचेही असेच समजावे. ते वाचता आले पाहिजे.

आपल्याकडे सर्रास वापरात असलेल्या स्वस्त डब्यांची गंमत तर आणखी वेगळी आहे. संगणकाने विचारले की असा डबा एका ओळीत उत्तर देतो: आत येणारे व्होल्टेज, बाहेर जाणारे व्होल्टेज, भार किती टक्के, वारंवारता, बॅटरीचे व्होल्टेज, तापमान आणि शेवटी काही खुणा – लाईट आहे की नाही, बॅटरी उतरत आली का, वगैरे. या ओळीत बॅटरीचे टक्के कुठेच नसतात. तरी पडद्यावर टक्के दिसतात, ते संगणकातले सॉफ्टवेअर स्वतः हिशेब करून दाखवते. ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरतात, त्याचा हिशेब उघड आहे म्हणून तोच घेऊ. बॅटरी १२ व्होल्टची असेल आणि कोणी काहीच सांगितले नसेल, तर ते १०.४ व्होल्ट म्हणजे रिकामी आणि १३ व्होल्ट म्हणजे भरलेली असे धरते. मधले अंतर २.६ व्होल्ट. आजचे व्होल्टेज १०.४ च्या किती वर आहे ते काढायचे, २.६ ने भागायचे, शंभराने गुणायचे, झाले टक्के.

आता पाहा. लाईट चालू असते तेव्हा डबा बॅटरीला सतत चार्ज देत असतो आणि तिच्यावर १३.५ ते १३.८ व्होल्ट ठेवतो. १३.६ धरले तर हिशेब शंभराच्याही वर जातो, सॉफ्टवेअर त्याला शंभरावर छाटते. म्हणजे लाईट असताना दिसणारे १०० टक्के हे बॅटरीचे नव्हेतच, चार्जरचे आहेत! बॅटरी आज आणलेली असो की पाच वर्षांची, चार्जर चालू असेपर्यंत आकडा बहुधा तोच दिसणार. लाईट गेली, भार बॅटरीवर आला, की व्होल्टेज एकदम खाली बसते, समजा १२ वर. लगेच आकडा ६२. लोक म्हणतात, एका सेकंदात अडतीस टक्के कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. आधीचे शंभर खरे नव्हते एवढेच. लाईट परत आली की आकडा पुन्हा शंभरावर उडी मारतो, तेही तितकेच खोटे. शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरायला बरेच तास लागतात, व्होल्टेज मात्र थोड्या वेळातच वर चढते. दिवसातून पाच वेळा लाईट जात असेल तर बॅटरी अर्धीसुद्धा भरत नाही आणि पडद्यावर प्रत्येक वेळी शंभर दिसते. पेठच्या पावसाळ्यात हेच चालते.

बॅटऱ्या किती आहेत?

पेठला नेमके काय झाले होते ते आता सांगता येईल. तिथला जुना डबा लहान होता, आत १२ व्होल्टची एकच बॅटरी. तो गेला म्हणून मोठा डबा बसवला, त्यात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे २४ व्होल्ट. बसवणाऱ्याने वायर जोडली, सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीचे चित्र दिसले, काम झाले म्हणून तो गेला. सॉफ्टवेअरच्या हिशेबात मात्र १२ व्होल्टच राहिले होते. १३ व्होल्टला शंभर टक्के धरणाऱ्या हिशेबापुढे २७ व्होल्ट आले तर ते शंभरच सांगणार. लाईट गेल्यावर बॅटऱ्या २४ वर आल्या, शंभर. २२ वर आल्या, शंभर. २१ वर आल्या तरी शंभर. बॅटरी संपली तरी आकडा हललाच नसता.

कोणी म्हणेल, डब्याने बॅटरी उतरल्याची खूण पाठवली असेल ना? हो, पाठवतो. पण बॅटरी जुनी झाली की ती खूण आणि अंधार यांच्यात काही सेकंदांचेच अंतर उरते. तेवढ्यात संगणक नीट बंद होत नाही. आकडा बरोबर असता तर बॅटरी ढासळते आहे हे आधीच दिसले असते.

याच्या उलट प्रकार खिशाला महाग पडतो. मोठा डबा काढून लहान बसवला आणि सॉफ्टवेअर २४ व्होल्टच धरून बसले, तर चांगल्या बॅटरीचे १३.६ व्होल्ट त्याला शून्य टक्के वाटतात. ते ‘बॅटरी संपली’ म्हणून ओरडते, लाईट जाताच संगणक बंद करते. मग दुकानदाराकडे धाव, नवी बॅटरी, आणि नवी बॅटरी घातल्यावरही शून्यच! बॅटरी बदलूनही आकडा तसूभर हलला नाही तर दोष बॅटरीत नाही, हिशेबात आहे, असे खुशाल समजावे.

आणखी एक गोंधळ होतो. काही डबे, विशेषतः ज्यांना ऑनलाईन यूपीएस म्हणतात ते, सगळ्या बॅटरीचे व्होल्टेज न सांगता एका घराचे सांगतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टची सहा घरे असतात. त्यामुळे डबा २.२७ असे सांगतो. याला सहाने गुणले तर १३.६ होतात, म्हणजे ठीक. पण सॉफ्टवेअरने २.२७ हेच सगळ्या बॅटरीचे धरले तर हिशेब कोसळणारच. पडद्यावर बॅटरीचे व्होल्टेज पाहायला मिळाले आणि ते दोनच्या आसपास दिसले, तर घाबरू नये. घरे किती आहेत ते सॉफ्टवेअरला सांगावे.

म्हणून आकडा चुकतो अशी शंका आली की सर्वांत आधी डब्यावरची किंवा पुस्तिकेतली ओळ वाचावी: बॅटरी किती व्होल्टची, किती नग. मग सॉफ्टवेअरमध्ये तेच लिहिले आहे का ते पाहावे. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असे आम्हाला वाटते. आणि या कामाला पैसा लागत नाही.

भरलेला तलाव आणि गाळ

हिशेब बरोबर केला तरी एक गोष्ट उरतेच, आणि तीच जास्त फसवते. आपल्या भागातले पाझर तलाव आठवा. सांडव्यावरून पाणी वाहू लागले की आपण म्हणतो तलाव शंभर टक्के भरला. पण वीस वर्षांचा गाळ तळाशी बसलेला असेल तर ते शंभर टक्के पूर्वीच्या शंभर टक्क्यांएवढे नसते. जानेवारीतच तळ दिसतो. बॅटरीचे अगदी असेच आहे. वापराने, उन्हाने, अर्धवट चार्ज राहिल्याने तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, पट्ट्या झिजतात, आतला ओलावा कमी होतो. मग ती भरते लवकर आणि रिकामीही लवकर होते. ‘किती भरली’ हा एक प्रश्न आणि ‘मावते किती’ हा दुसरा. पडद्यावरचा आकडा पहिल्याचेच उत्तर देतो.

साध्या डब्यातली बंद बॅटरी खोलीतले तापमान २५ अंशांच्या आत असेल तर तीन ते पाच वर्षे चालते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या उन्हात, भिंतीला चिकटवून ठेवलेला डबा किती वर्षे टिकेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पावसाळ्यात दुसरा त्रास होतो: दमटपणाने टोकांवर पांढरा-हिरवा थर धरतो, त्यातून वीज नीट जात नाही, आणि भार येताच व्होल्टेज बुडते. बॅटरी चांगली असूनही आकडा वाईट दिसतो.

दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतील तर त्यातली एक आधी जाते. जोडीतला एक बैल बसला की गाडी थांबते, दुसरा कितीही तगडा असो. अशा वेळी दोन्ही बॅटऱ्या एकदमच, एकाच कंपनीच्या आणि एकाच सुमाराच्या घालाव्यात. एक जुनी एक नवी अशी जोडी लावली तर नवीचे आयुष्य जुनी खाते.

बॅटरीवर लिहिलेल्या ‘७ अँपिअर-तास’ या आकड्याबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण त्यावरून पुष्कळजण वेळेचा हिशेब करतात आणि तो चुकतो. हा आकडा वीस तासांत सावकाश बॅटरी उतरवली तर मिळणारा असतो, म्हणजे फक्त ०.३५ अँपिअर भारावर. संगणक आणि पडदा मिळून २०० वॅट घेत असतील तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून वीसएक अँपिअर ओढले जातात. जितके जोरात ओढावे तितके एकूण कमी मिळते. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हा नियम मांडला, तो आजही तसाच लागू आहे. म्हणून सात भागिले वीस असे करून एकवीस मिनिटे काढू नयेत. नव्या बॅटरीवरही दहा मिनिटांच्या आसपास मिळाली तर ठीक समजावे. भार निम्मा केला तर मात्र वेळ दुपटीहून जास्त वाढते. लाईट गेल्यावर प्रिंटर बंद ठेवा असे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो ते यासाठीच. लेसर प्रिंटर तर यूपीएसवर जोडूच नये.

पारख करायची कशी

बॅटरीची खरी परीक्षा एकच: भार टाकून घड्याळ लावणे. उसाचा टनेज अंदाज बांधावर उभे राहून कितीही केला तरी शेवटी काटा सांगेल तेच खरे, तसेच हे.

आदल्या दिवसापासून लाईट न जाता निदान चोवीस तास चार्ज झालेला असावा. पावसाळ्यात पेठला असा दिवस मिळणे कठीण. परीक्षा मे महिन्यातच, पावसाच्या आधी उरकलेली बरी. त्या वेळी संगणक डब्यावर ठेवू नये. त्याऐवजी तेवढ्याच भाराचे जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब लावावेत, म्हणजे परीक्षेत संगणक बंद पडून नुकसान होणार नाही. ६० वॅटचे दोन-तीन बल्ब पुरतात. नव्या एलईडी बल्बचा भार नऊ-दहा वॅटचा असतो, त्याने काही कळणार नाही. आकडे पाहण्यासाठी डब्याची माहितीची वायर एखाद्या लॅपटॉपला जोडावी, तो स्वतःच्या बॅटरीवर चालतो. मग भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग उपटू नये. बटण बंद केले तर अर्थिंग जोडलेले राहते.

बटण बंद करताच पडद्यावर ‘बॅटरीवर चालू’ असे आले पाहिजे. आले नाही, किंवा आकडे जिथल्या तिथे गोठलेले दिसले, तर डबा आणि संगणक यांचे बोलणेच तुटलेले आहे. वायर सैल असेल, चुकीच्या जातीची असेल, सॉफ्टवेअर बंद पडले असेल. मग पडद्यावर दिसते तो जुना, शिळा आकडा. तो दुरुस्त होईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

बोलणे ठीक असेल तर दर मिनिटाला व्होल्टेज आणि टक्के कागदावर लिहीत जावे, डबा स्वतःहून बंद होईपर्यंत. दोन आकडे विशेष जपून ठेवावेत. भार आल्यावर पहिल्या काही सेकंदांनी स्थिरावलेले व्होल्टेज आणि बंद पडायच्या आधीचे शेवटचे व्होल्टेज. समजा १२.३ आणि १०.६ आले. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘भरलेली’ आणि ‘रिकामी’ म्हणून हेच दोन लिहावेत. यापुढे लाईट गेल्यावर आकडा शंभरापासून सुरू होऊन खाली उतरत जाईल, एकदम बासष्टावर आदळणार नाही. शेवटी शेवटी तो वेगाने घसरेल, कारण बॅटरीचे व्होल्टेज सारख्या गतीने उतरत नाही; तेवढी तूट राहणारच. काही सॉफ्टवेअरमध्ये वेळही सांगता येते: पूर्ण भारावर इतके सेकंद चालला, निम्म्या भारावर इतके. मग मिनिटांचा अंदाज त्यावरून निघतो, आणि तो व्होल्टेजच्या अंदाजापेक्षा बरा असतो.

हाच कागद दरवर्षी जपावा. पहिल्या वर्षी अकरा मिनिटे चालला, यंदा चारच मिनिटे, असे दिसले की आकडा कितीही गोड बोलो, बॅटरी बदलायची वेळ आली.

महागड्या डब्यांमध्ये चार्जचा अंदाज डबा स्वतःच करतो आणि तयार टक्के पाठवतो. तिथे चूक वेगळी असते. डब्याला जुन्या बॅटरीची सवय लागलेली असते; नवी घातली तरी तो जुन्याच अंदाजाने बोलत राहतो. अशांना बॅटरी बदलल्याची तारीख भरावी लागते आणि ‘कॅलिब्रेशन’ नावाची तपासणी एकदा करावी लागते, त्यात डबा स्वतः बॅटरी बरीच उतरवून वेळ शिकून घेतो. ‘एपीसीयूपीएसडी’ या मोफत सॉफ्टवेअरसोबत त्यासाठी चाचणीचा वेगळा कार्यक्रम येतो. मात्र ही तपासणी वारंवार करू नये, प्रत्येक वेळी बॅटरीचे थोडे आयुष्य जाते.

याच सॉफ्टवेअरमध्ये संगणक कधी बंद करायचा हे तीन प्रकारे सांगता येते: चार्ज इतक्या टक्क्यांवर आला की, मिनिटे इतकी उरली की, किंवा लाईट जाऊन इतके सेकंद झाले की. सुरुवातीला ५ टक्के आणि ३ मिनिटे असे लिहिलेले असते आणि सेकंदांची अट बंद असते. पहिल्या दोन्ही अटी आकड्यावर विसंबून आहेत. आकडाच खोटा असेल तर त्या कधी लागूच होणार नाहीत. म्हणून ज्या डब्याचा भरवसा नाही तिथे तिसरी अट चालू करावी. डबा परीक्षेत चार मिनिटे चालला असेल तर ६० सेकंदांनी संगणक बंद करायला सांगावे. मग बॅटरीने काहीही सांगो, संगणक नीट बंद होतो. पेठला आता हीच व्यवस्था केली आहे, बॅटऱ्या किती ते सॉफ्टवेअरला सांगून झाले आहे, आणि दोन्ही बॅटऱ्या बदलल्या आहेत. कर्मचाऱ्याला सांगितले आहे की लाईट गेली की हातातली नोंद पूर्ण करून जतन करायची, नवी घ्यायची नाही.

डबा उघडून बॅटरी काढायचे काम मात्र जाणत्या माणसानेच करावे. लाईट बंद असली तरी डब्याच्या आत झटका बसेल एवढे व्होल्टेज असते. हातात अंगठी किंवा कडे घालून बॅटरीच्या टोकांजवळ पान्हा नेऊ नये.

पुष्कळ सभासदांच्या घरी इन्व्हर्टर आहेत, त्यांच्यावरही टक्के किंवा दिव्यांची पट्टी असते, तिचीही हीच गत. पण घरच्या मोठ्या, पाणी घालण्याच्या बॅटरीत आपल्याला एक सोय आहे जी बंद बॅटरीत नाही. पाच-पन्नास रुपयांचा नव्हे, पण फार महागही नसलेला हायड्रोमीटर आणून आतल्या द्रावाची घनता पाहता येते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती साधारण १.२४ ते १.२६ येते, कंपनीच्या पत्रकात नेमका आकडा असतो. सहाही घरांत पाहावे. पाच घरांत १.२४ आणि एकात १.१५ आले तर ते घर बसले, मग पट्टीवर कितीही दिवे लागोत. पाणी डिस्टिल्डच घालावे, विहिरीचे किंवा नळाचे नको. ते चार्ज पूर्ण झाल्यावर घालावे. घनता पाणी घातल्याबरोबर पाहू नये, एक-दोन दिवस चार्ज होऊन ते मिसळले की पाहावी.

काट्याबद्दल एका सभासदाने शंका काढली की बॅटरीचा आकडा चुकतो तर वजनही चुकत असेल काय. दोन्हींचा संबंध नाही. वजनकाट्याचा लोडसेल आपल्याला दिलेले व्होल्टेज आणि परत आलेले व्होल्टेज यांचे गुणोत्तर सांगतो. पुरवठा थोडा वरखाली झाला तरी गुणोत्तर तेच राहते. पुरवठा फारच ढासळला तर यंत्र बंद पडते. वजन केल्यावर पावती छापायच्या आत लाईट गेली, तर गाडी पुन्हा काट्यावर घेऊन पावती मिळेपर्यंत खाली उतरवू देऊ नये, तो सभासदाचा हक्क आहे.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. त्यातले शिसे आणि तेजाब विहिरीला आणि जमिनीला वाईट. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना जुनीचे पैसेही दुकानदार वळते करून देतात. सोसायट्यांनी जुनी परत केल्याची नोंद बिलावर करून घ्यावी आणि नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.